क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ झालं, रिपोर्ट म्हणतो नॉर्मल. पुढची किमो घ्यायची का?

वऱ्हाडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. बाबा माझे, वय ६२, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर (तंबाखू-चुना, दुसरं काय). ऑपरेशन झालं, आता लाईट चालू आहे म्हणजे रेडिएशन आणि त्याच्याबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची किमो. तीन किमो झाल्या, चौथी येत्या गुरुवारी.

प्रत्येक किमोच्या आधी किडनी बघायला रक्त तपासतात. सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) ०.७ होतं. मग ०.८, परत ०.८, आणि काल आलं १.१. लॅबच्या कागदावर रेंज छापली आहे ०.७ ते १.३, त्यामुळे आकडा ठळकसुद्धा केलेला नाही. डे केअरमधल्या पोरीने कागद बघितला, नॉर्मल आहे म्हणाली आणि फाईलला लावून टाकला. मोठे डॉक्टर गुरुवारीच भेटणार.

मी कॉमर्सवाला माणूस आहे, मला मेडिकल कळत नाही पण ०.७ चं १.१ म्हणजे सत्तावन टक्के वाढ झाली एवढं कळतं. दुकानाचा खर्च एका महिन्यात सत्तावन टक्के वाढला तर मी झोपणार नाही, मग इथे सगळे इतके निवांत कसे?

बाकी परिस्थिती अशी की तोंड आतून पूर्ण सोललंय, गिळवत नाही, नाकातून नळी टाकली आहे त्यातून दूध, पेज, सूप जातं. वजन ५८ होतं ते ५३ वर आलं. उलट्या किमोनंतर दोन-तीन दिवस असतात. लघवी मात्र भरपूर होते, उलट रात्री दोन-तीन वेळा उठतात, त्यामुळे आई म्हणते किडनी अगदी ठणठणीत आहे. बीपीची गोळी (टेल्मिसार्टन) जुनीच चालू आहे, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू आहे.

नेटवर वाचलं की किडनीचं नुकसान क्रिएटिनिनच्या आधी पकडणाऱ्या नवीन टेस्ट आहेत, एनगॅल का काय ते. कुणी केली आहे का? अकोल्यात मिळेल का, की नागपूरला सॅम्पल पाठवावं लागेल? प्लीज कुणी जाणकार असेल तर सांगा.

---

निसर्गमित्र

घाबरू नका. पुनर्नवा आणि गोखरू समप्रमाणात घेऊन काढा करून सकाळ-संध्याकाळ द्या, किडनी धुऊन निघते. आणि दिवसाला पाच लिटर पाणी. क्रिएटिनिन झटक्यात खाली येतं, आमच्या ओळखीत बऱ्याच जणांना फरक पडलाय.

---

टेस्टट्यूब

वाटसरू, मी सांगलीत लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे किमो घ्या-नका घेऊ यावर बोलणार नाही, फक्त आकड्याबद्दल बोलतो.

रेंज ही हजारो निरोगी माणसांची असते. तुमच्या बाबांची रेंज म्हणजे त्यांचा किमोच्या आधीचा ०.७. आमचं मशीन प्रत्येक रिपोर्ट सुटा बघतं, मागचा रिपोर्ट त्याला आठवत नसतो (आता काही सॉफ्टवेअरमध्ये जुने आकडे शेजारी येतात, पण ते कोण वाचतं). ठळक अक्षर येतं ते छापलेल्या रेंजच्या बाहेर गेलं की, त्यामुळे कागदावर ठळक नाही याचा अर्थ बदल नाही असा होत नाही.

आता उलट बाजूही सांगतो. घाबरण्याआधी एवढं बघून घ्या, चारही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी जाफेची, पिक्रिक ॲसिडवाली, १८८६ पासूनची केमिस्ट्री, स्वस्त म्हणून अजून सगळीकडे चालते. दुसरी एन्झायमॅटिक. जाफेमध्ये क्रिएटिनिनसारखं वागणाऱ्या बाकीच्या गोष्टीही रंग देतात. पेशंट उपाशी असेल, उलट्या चालू असतील, रक्तात कीटोन असतील तर आकडा उगीच वर दिसू शकतो. उलट कावीळ असेल, बिलिरुबिन वाढलेलं असेल तर खाली दिसतो. आदल्या रात्री मटण हाणलं असेल तरी थोडं वाढतं, पण नळीवरच्या माणसाचं तसं काही नसणार. दोन वेगळ्या लॅबमध्ये ०.१ चा फरक सहज पडतो. पण ०.३ चा फरक, तोही एकाच लॅबचा, याला मी मशीनची गडबड म्हणणार नाही. शंका असेल तर उद्याच त्याच लॅबमध्ये परत द्या, गुरुवारची वाट कशाला बघता.

आणि त्याच सुईत मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम पण टाकून घ्या. किडनी प्रोफाईल म्हणून जे पॅकेज मिळतं त्यात बऱ्याचदा मॅग्नेशियम नसतं, वेगळं लिहून द्यावं लागतं, हे लक्षात ठेवा.

लघवीची साधी तपासणी पण करा. ताजी पाहिजे. सकाळी सातला घरून भरलेली डबी आमच्या टेबलावर साडेअकराला येते, तोवर त्यातले कास्ट (किडनीच्या नलिकांमधून साच्यासारखे सुटणारे बारीक कण) विरघळून गेलेले असतात आणि मग आम्ही लिहितो काही सापडलं नाही. शक्यतो लॅबमध्येच जाऊन द्या. आणि पट्टीवर प्रोटीन निल आलं म्हणून सुटलो असं समजू नका, पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, नलिकांना इजा झाल्यावर जी बारकी प्रोटीनं गळतात ती तिला दिसत नाहीत.

---

शाईपेन

टेस्टट्यूबना +१.

माझ्या पुतण्याला हाडाचा कॅन्सर होता, मुंबईत ट्रीटमेंट झाली, त्याला मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसात द्यायचे. ते औषध वेगळं आहे पण किडनीच्या बाबतीत जी शिस्त तिथे बघितली ती सांगावीशी वाटते. लघवी आम्लधर्मी झाली तर ते औषध किडनीच्या नळ्यांमध्ये खड्यासारखं जमतं. म्हणून सलाईनमधून सोडा देतात आणि पोरगा जितक्या वेळा लघवीला जाईल तितक्या वेळा पीएचची पट्टी बुडवायची. ७ च्या खाली आली की सिस्टरला हाक. रात्री तीनला वॉर्डच्या संडासात ट्यूबलाईटखाली पट्टी धरून हा रंग हिरवट आहे की पिवळट आहे यावर मी आणि दादाने वाद घातलेत. शिवाय औषधाची रक्तातली पातळी २४, ४८, ७२ तासांनी तपासायची, ठरलेल्या वेळेला म्हणजे ठरलेल्या वेळेला, आणि ती ०.१ मायक्रोमोलच्या खाली आल्याशिवाय घरी सोडायचे नाहीत. तोवर ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटचा उतारा) चालू. पॅन्टोप्राझोल, ॲस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, सेप्ट्रान, सगळं त्या दिवसांत बंद, कारण ही औषधं मेथोट्रेक्सेटला शरीराबाहेर जाऊ देत नाहीत.

सांगायचा मुद्दा हा की तिथे नॉर्मल रेंज वगैरे कुणी बोलतच नव्हतं. वहीत तारीख, वजन, पाणी किती गेलं, लघवी किती झाली, क्रिएटिनिन किती. राउंडला येणारा डॉक्टर आधी वही मागायचा, मग पोराकडे बघायचा. तुम्ही पण एक वही घाला.

---

संत्रानगरी

मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे, नागपूरला. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचं काम, पण तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो गुरुवारपर्यंत थांबवू नका. आजच फोन करा, जे कोणी उचलेल त्याला सांगा की बेसलाईनच्या दीडपट क्रिएटिनिन झालंय, वजन पाच किलो कमी झालंय. याच शब्दांत सांगा. "थोडं वाढलंय" म्हटलं की समोरचा "हो हो" म्हणून ठेवून देतो.

दीडपट का म्हणतोय? किडनीला अचानक इजा झाली हे ठरवायची जगभर वापरात असलेली व्याख्या (केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची, २०१२) अशी आहे की ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं, किंवा लघवी सहा तास अगदी कमी झाली. तुमच्याकडे आठवड्यात ०.३ ची वाढ आहे आणि मूळच्या १.५७ पट आकडा आहे. आता मूळ आकडा कित्येक आठवड्यांपूर्वीचा म्हणून व्याख्येत तंतोतंत बसतं की नाही यावर परीक्षेत वाद घालता येईल, पेशंटच्या बाबतीत मी घालणार नाही.

तुम्ही वजन लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण खरी गोम तिथे आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. माणूस सुकत चालला की स्नायू कमी, म्हणजे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. किडनी आहे तशी राहिली असती तर बाबांचा आकडा ०.७ च्याही खाली यायला हवा होता. तो १.१ आलाय. हिशोब करून दाखवतो. हल्ली लॅब जो ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली गाळते त्याचा अंदाज, छापते (२०२१ चं सूत्र, त्यात वजन नसतं) त्याने आधीचा येतो साधारण १०४ आणि आत्ताचा ७६. जुनं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र, ज्यात वजन धरतात, त्याने ५८ किलो आणि ०.७ ला ९० येतो आणि ५३ किलो आणि १.१ ला येतो ५२. सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही याची रेघ बहुतेक ठिकाणी ५० ते ६० च्या आसपास मारलेली असते. म्हणजे नॉर्मल छापलेल्या कागदावरचा माणूस त्या रेघेवर येऊन उभा आहे. ही सूत्रं क्रिएटिनिन स्थिर असताना वापरायची असतात हेही खरं, चढत्या आकड्यावर लावली तर खरी किडनी सूत्रापेक्षा वाईटच असते.

किडनीत राखीव ताकद भरपूर असते हे अजून एक कारण. चार क्लार्कच्या ऑफिसात एक रजेवर गेला तर बाकीचे तिघं ओढतात, बाहेर रांग वाढलेली दिसत नाही, तसं. एखाद्याची निम्मी गाळणक्षमता गेली तरी क्रिएटिनिन छापलेल्या रेंजमध्ये राहू शकतं. शिवाय ते उशिरा चढतं, इजा पहिल्या काही तासांत सुरू होते, आकडा दोन-तीन दिवसांनी हलायला लागतो.

आता लघवी भरपूर होते याबद्दल. आईंना सांगा, सिस्प्लॅटिनमध्ये हा आधार धरायचा नाही. हे औषध नलिकेच्या पेशी मारतं. रक्तातून ते पेशीत शिरतं तेच मुळी तिथल्या एका दारातून (ओसीटी-२ नावाचं ट्रान्सपोर्टर) आणि आत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं. या नलिकांचं काम असतं पाणी आणि क्षार परत ओढून घेणं. त्या बिघडल्या की लघवी कमी होत नाही, उलट पातळ आणि जास्त होते. रात्री दोन-तीन वेळा उठणं हे वयाने, प्रोस्टेटने, रात्रीच्या फीडनेही असू शकतं, पण किमो सुरू झाल्यावर नवीन लागलं असेल तर ते सांगा.

मॅग्नेशियम याच कारणाने गळतं. बऱ्याच पेशंटमध्ये क्रिएटिनिन हलायच्या आधी मॅग्नेशियम खाली गेलेलं असतं. आणि ते खाली गेलं की किडनीवर सिस्प्लॅटिनचा मार आणखी बसतो, म्हणून आता किमोच्या सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालतात. पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ घेतली तरी मॅग्नेशियम कमी होतं. पायात गोळे येणं, ओठ-बोटं मुंग्या आल्यासारखी होणं, पोटॅशियम कितीही दिलं तरी न चढणं, ही त्याची लक्षणं. तेवढी मोजून घ्या.

लघवीत अजून एक बघा, साखर. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर पॉझिटिव्ह म्हणजे वरची नलिका गळतेय. आयफॉस्फामाइड नावाच्या औषधात हे फार दिसतं. फक्त पेशंट डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असेल तर लघवीत साखर असणारच, तिथे या खुणेचा उपयोग नाही.

एनगॅलबद्दल. हो, ही टेस्ट खरी आहे, इजा झाल्यावर काही तासांत वाढते. किम-१ म्हणून दुसरी आहे, ती नलिकेच्या पेशींना मार बसला की लघवीत दिसते. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये अशा सहा मूत्र-मार्करचा संच मान्य केला, पण कशासाठी, तर नवीन औषधांच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांत निरोगी स्वयंसेवकांवर लक्ष ठेवायला. २०२३ च्या शेवटी एनगॅलची एक टेस्ट तिथे पास झाली तीही लहान मुलं आणि २१ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी, आयसीयूमधल्या. तुमच्या बाबांच्या बाबतीत अडचण अशी की एनगॅल इन्फेक्शनने, सुजेनेही वाढतं, आणि ज्याचं तोंड रेडिएशनने सोललंय त्याच्या अंगात सूज आहेच. आकडा वाढलेला आला तरी काय करायचं ते ठरत नाही. ते पैसे सिस्टॅटिन-सी या रक्ताच्या टेस्टवर घाला, तीही किडनीचं गाळणं दाखवते पण ती स्नायूंवर अवलंबून नसते म्हणून सुकलेल्या पेशंटमध्ये कामाची आहे. तिलाही एक खोड आहे, किमोच्या दिवशी उलटी थांबवायला जे डेक्सामेथासोन देतात त्याने, थायरॉईडने, सुजेनेही ती वाढते, म्हणून किमोच्या लगेच दुसऱ्या दिवशी नको, पुढच्या किमोच्या आदल्या दिवशी द्या.

तीन प्रश्न, उत्तरं इथे नाही लिहिलीत तरी चालेल, डॉक्टरांना द्या. दुखण्यासाठी काय देताय? बीपी आत्ता किती आहे? गेल्या पंधरा दिवसांत कॉन्ट्रास्ट घालून सीटी किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन झालंय का?

निसर्गमित्र, काढा नको. त्यात नेमकं काय आणि किती जातंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, आणि आत्ता या माणसाच्या किडनीवर प्रयोग करायची वेळ नाही. पाच लिटर पाणीही नको. सिस्प्लॅटिनमध्ये मीठही लघवीवाटे जातं, वरून नुसतं साधं पाणी ओतत राहिलं तर सोडियम खाली जाऊन माणूस बरळायला लागतो. नळीतून ओआरएस, मीठ घातलेली पेज, ताक हे बरं. नारळपाणी पोटॅशियमचा रिपोर्ट बघून.

---

निसर्गमित्र

ॲलोपॅथीवाल्यांना आपलं काही चालतच नाही. असो. शुभेच्छा.

---

मास्तर

अवांतर, पण केमिस्ट्री शिकवतो म्हणून राहवत नाही. हे औषध सापडलं तेच अपघाताने. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग मिशिगनमध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते, जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते दोऱ्यासारखे लांब वाढत गेले. शेवटी कळलं की करामत विजेची नाही, इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनमची आहे. माणसांवर वापरायला लागल्यावर किडन्या इतक्या खराब व्हायला लागल्या की हे औषध मागे पडायच्या बेतात होतं, मग आधी-नंतर भरपूर सलाईन देण्याची पद्धत आली आणि १९७८ ला अमेरिकेत परवानगी मिळाली. ते सहा-सात तास डे केअरमध्ये बाटल्या चढवत बसवतात ना, त्यातला औषधाचा वेळ थोडा, बाकीचा किडनी वाचवायचा.

वाटसरू, बाबांना आराम पडो.

---

ठाणे_व्हाया_जर्सी

संत्रानगरी डॉक्टर, दुसऱ्याच्या धाग्यात घुसतेय, सॉरी. सासूबाईंना (ठाण्यात असतात, मी इथून फोनवरून रिपोर्ट बघते) ब्रेस्ट कॅन्सरसाठी आबेमासिक्लिब चालू केलं आणि पंधरा दिवसांत क्रिएटिनिन ०.८ चं १.० झालं, तेव्हापासून तिथेच आहे. तिथले डॉक्टर म्हणतात औषधाचाच परिणाम आहे, काही होत नाही. हा धागा वाचून पोटात गोळा आला. आणि माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना इम्युनोथेरपीवर असताना चार महिन्यांनी अचानक क्रिएटिनिन डबल झालं होतं, त्यांना ॲडमिट करून स्टेरॉइड दिले. मग कुठे घाबरायचं आणि कुठे नाही?

---

संत्रानगरी

सासूबाईंचे डॉक्टर बरोबर सांगतायत बहुतेक. काही क्रिएटिनिन किडनी गाळते आणि थोडं नलिकेच्या बाजूने बाहेर टाकते. आबेमासिक्लिब ते बाजूचं दार अडवतं. ओलापॅरिब, टुकाटिनिब यांचंही तसंच. गाळणं चांगलं चालू असतं, आकडा तेवढा चढतो. ओळखायचं कसं, तर सुरुवातीलाच चढतो, थोडा चढतो आणि तिथेच थांबतो, लघवी स्वच्छ असते, सिस्टॅटिन-सी केली तर ती हललेली नसते. पण या औषधाने जुलाब फार होतात, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं तर खरीखुरी इजा होऊ शकते. जुलाब चालू असताना आकडा वाढला तर औषधाचा परिणाम म्हणून सोडून द्यायचं नाही.

इम्युनोथेरपीचं (पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब) गणित उलटं. तिथे शरीराचीच प्रतिकारशक्ती किडनीवर उलटते, पेशंट कमी असतात पण होतं ते बहुधा काही महिन्यांनी, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल चालू असेल तर शक्यता वाढते. लवकर सापडलं तर ती गोळी बंद करून आणि स्टेरॉइड देऊन बरेचसे सुधारतात. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांचं तसंच झालं असावं.

बेव्हासिझुमॅबमध्ये बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं, क्रिएटिनिन शेवटी हलतं. जेमसिटाबिनमध्ये बीपी चढायला लागलं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरायला लागले आणि सोबत क्रिएटिनिन, तर किमोमुळे रक्त कमी झालं म्हणून सोडून न देता एलडीएच (रक्तपेशी फुटल्या की वाढतं ते) आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच बघायची. प्रत्येक औषध किडनीला वेगळ्या जागी चावतं, त्यामुळे सगळ्यांना एकच टेस्ट सांगता येत नाही.

---

वऱ्हाडचा_वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, धावपळ होती.

त्याच दिवशी फोन केला, दोनदा होल्डवर ठेवलं, तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या असिस्टंटना मिळाला. तुम्ही सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, दीडपट आणि पाच किलो. लगेच बोलावलं.

रक्त परत घेतलं, क्रिएटिनिन १.२. मॅग्नेशियम १.१ (त्या कागदावर रेंज १.७ पासून सुरू होते, आणि हा आकडा मात्र ठळक होता). सोडियम १३१. लघवीत साखर एक प्लस, रक्तातली साखर १०४, डायबेटिस नाही. बीपी बसून १००, उभं केलं तर ८६ आणि बाबांना चक्कर. डॉक्टरांनी दुखण्याचं विचारलं तेव्हा कळलं की गावाकडून काका आले होते ते मेडिकलवरून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या देऊन गेले, बाबा त्या कुटून नळीतून दिवसातून दोनदा घेत होते, आईला वाटलं लिहून दिलेल्याच आहेत. ते बंद. त्याऐवजी ट्रॅमाडॉलचे थेंब दिले. टेल्मिसार्टन सध्या बंद. सलाईन आणि मॅग्नेशियम दोन दिवस डे केअरमध्येच. गुरुवारची सिस्प्लॅटिन थांबवली, लाईट मात्र चालू ठेवली.

आता विचारायचं आहे ते असं. किमो थांबल्यावर बाबा खूप खचले, म्हणतात आता कॅन्सर वाढणार. डॉक्टर म्हणाले आकडा खाली आला तर बघू नाहीतर औषध बदलू. बदललं तर कमी पडतं का? आणि किडनी परत पहिल्यासारखी होते का?

---

संत्रानगरी

नलिकेची साखर, मॅग्नेशियम, उभं राहिल्यावर पडणारं बीपी आणि वरून किडनीला त्रास देणारी डायक्लोफेनॅक, एकाच वेळी तीन-चार गोष्टी लागल्या होत्या. वेळेत गेलात.

औषधाचं ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील, पण बाबांना एवढं सांगा की सिस्प्लॅटिन जमत नाही अशा डोक्या-मानेच्या कॅन्सरवाल्यांसाठी रस्ता बंद होत नाही. टाटा मेमोरियलचाच अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही त्यांना रेडिएशनसोबत आठवड्याला थोडं डोसेटॅक्सेल दिलं तर नुसत्या रेडिएशनपेक्षा दोन वर्षांनी आजाराशिवाय असलेले पेशंट जास्त निघाले, साधारण ३० टक्क्यांच्या जागी ४२. त्याचं ओझं किडनीवर पडत नाही, तोंड मात्र जास्त सोलतं. कार्बोप्लॅटिन हा दुसरा पर्याय, त्याचा डोस किडनीच्या आकड्यावरूनच काढतात, म्हणून तो आकडा खरा असणं तिथे आणखी महत्त्वाचं. सुकलेल्या माणसाचं क्रिएटिनिन फसवं कमी असेल तर डोस जास्त निघतो आणि प्लेटलेट कोसळतात. ते ठरायच्या आधी सिस्टॅटिन-सी करून घ्या.

किडनी परत येते का, तर अशा सुरुवातीच्या टप्प्यावर पकडली की बऱ्याच अंशी येते, पूर्ण ०.७ ला येईलच असं नाही. मॅग्नेशियमची गळती मात्र कित्येक महिने राहू शकते, किमो संपली म्हणून तपासणी थांबवू नका. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, मॅग्नेशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघायचं, त्यावेळचा आकडा पुढे बाबांची नवीन बेसलाईन. आणि कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय का ते विचारा, हे औषध कानांनाही लागतं.

---

टेस्टट्यूब

आणि त्या तीन महिन्यांच्या वेळी पण हीच लॅब पकडा बरं का. पॅकेजमध्ये स्वस्त पडतं म्हणून दुसरीकडे गेलात तर परत पहिल्यापासून वाद.

---

वऱ्हाडचा_वाटसरू

हो, हीच पकडतो. शाईपेन, वही घातली आहे, आई लिहिते. काकांचा फोन आला होता, त्यांना गोळ्यांचं सांगितलं, ते म्हणतात मी तर मेडिकलवाल्याला कॅन्सरच्या पेशंटला चालेल अशीच दे म्हणालो होतो.

डॉक्टर, सिस्टॅटिन-सी उद्या द्यायची की सोमवारी? डेक्सा शेवटचं मागच्या किमोला झालं होतं.

---

संत्रानगरी

मग उद्याही चालेल. पण आकडा अजून हलता असेल, सोमवारी क्रिएटिनिन आहेच, दोन्ही एकाच सुईत घ्या म्हणजे शेजारी ठेवून बघता येतील.